मागच्या दारी होल्यांचं घरटं – रोजच्या नोंदी (आणि थोडी मदत हवी आहे)

अंगणातली | ९ मार्च, सकाळी ११.४०

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकला मखमलाबाद रस्त्याला राहतो. घर जुनं, बैठं. मागे परसात कढीपत्ता, शेवगा, लिंबू, धुण्याचा दगड आणि तारा बांधायला दोन लोखंडी खांब. त्यातल्या एका खांबावर मधुमालती इतकी माजली आहे की खांब दिसतच नाही. त्याच गचपणात आठवडाभर दोन पक्ष्यांची ये-जा चालली होती. कबुतरापेक्षा बरेच लहान, मातकट-गुलाबी रंगाचे. आज सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं तर चार काड्यांवर एक पांढरंशुभ्र अंडं! साधारण मोठ्या जांभळाएवढं.

घरटं म्हणायचं तरी कसं, असा प्रश्न पडावा इतकं विरळ आहे. खालून बघितलं तर काड्यांमधून आभाळ दिसतं. मी खराटा झाडून कोपऱ्यात ठेवते, त्याच्या तुटक्या काड्या नेल्यात. एक पक्षी काडी आणतो, चक्क दुसरीच्या पाठीवर उभा राहून तिच्या चोचीपाशी देतो, आणि ती मान वाकवून ती पोटाखाली सारते. तासभर मी कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या विसरले.

प्रश्न दोन. एक, हा कुठला पक्षी? दोन, घरट्यापासून हातभर अंतरावर माझी कपड्यांची तार आहे. काय करू?

---

पाखरवेडी | ९ मार्च, दुपारी १२.२५

अभिनंदन ताई! गळ्याच्या दोन्ही बाजूंना, छातीकडे, काळे-तांबूस बारीक चौकटीसारखे ठिपके दिसतात का? पंखाच्या कडेला निळसर राखाडी झाक? आणि आवाज हळू हसल्यासारखा, पाच-सहा घुमे एका दमात?

---

अंगणातली | ९ मार्च, दुपारी १२.३१

हो हो, अगदी तसाच. सासूबाई म्हणतात, कुणीतरी तोंडातल्या तोंडात हसतंय असं वाटतं.

---

पाखरवेडी | ९ मार्च, दुपारी १२.५०

मग हा छोटा तपकिरी होला. आपल्याकडे घराजवळ सापडणारा दुसरा म्हणजे ठिपकेदार होला किंवा कवडा. तो जरा मोठा असतो, मानेच्या मागच्या बाजूला काळ्या पट्ट्यावर पांढरे ठिपके असतात, पाठीवरही ठिपके. तिसरा पठाणी होला, फिकट राखाडी, मानेवर एकच काळी कड. तो जास्त करून शेताकडे, तारांवर दिसतो. लाल होलाही आहे, पण तो घराच्या मागे येऊन बसेल असं सहसा होत नाही.

आता कामाचं. उद्या-परवा दुसरं अंडं येईल. होले दोनच अंडी घालतात. मग तेरा-चौदा दिवस उबवणी आणि पुढे तितकेच दिवस पिल्लं घरट्यात. म्हणजे महिनाभराचा मामला आहे.

तारेचं म्हणाल तर एकच गोष्ट लक्षात ठेवा: बसलेल्या पक्ष्याला उठवायचं नाही. बाकी सगळं त्यातच आलं. उघड्या घरट्यात अंडी घालणाऱ्या पुष्कळ पक्ष्यांची अंडी मळकट, ठिपक्यांची असतात, म्हणजे लपून जातात. होल्याचं अंडं पांढरंफेक. ते लपतं ते फक्त आईबापाच्या पोटाखाली. म्हणून अंडी घातल्यावर दोघांपैकी एक जण सतत बसून असतो. आपण जवळ गेलो, तो उडाला, की तेवढा वेळ ती अंडी कावळ्याला लांबून दिसतात.

---

अंगणातली | ११ मार्च, सायंकाळी ६.०५

दुसरं अंडं आलं. कपडे आता गच्चीवर. सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून त्यांची दोन पातळं तेवढी पुढच्या व्हरांड्यात दोरी बांधून वाळत घालते.

पाळ्या लक्षात यायला लागल्या आहेत. एकाच्या शेपटीतलं डावीकडचं पीस अर्ध्यात तुटलेलं आहे. काड्या आणणारा तोच, तारेवर मान खालीवर करत घुमणारा तोच, म्हणजे तो नर असावा. तो सकाळी साडेनऊच्या आसपास येतो आणि दुपारी साडेचारपर्यंत बसतो. नंतर ती, रात्रभर. बदली होताना आवाज नाही, काही नाही. एक जण कडेला येऊन उभा राहतो, बसलेला उठतो, दोन पावलं टाकून निघून जातो. इतकं शांत मी कुणाला काम सोपवताना पाहिलं नाही.

---

ओसाडगाव | ११ मार्च, रात्री ९.१०

वाईट वाटून घेऊ नका, पण आमच्या गावी होला घरात घरटं करू देत नाहीत. होला घुमला की घर ओसाड होतं म्हणतात. माझी आजी लगेच काठीने पाडायची. शिवाय कबुतरांमुळे फुप्फुसाचे आजार होतात हे आता सगळ्यांना माहीत आहे. घरात वयस्कर माणूस आहे, विचार करा.

---

जुने_नाशिककर | ११ मार्च, रात्री १०.०२

ओसाड घरावर होले घुमतात हे खरं, पण ते घर ओसाड झाल्यावर. माणसाची वर्दळ संपली, आढ्याला निवांतपणा आला, की पाखरू तिथे येणारच. कारण आणि परिणाम आपण उलटे बांधले. माझं बालपण जुन्या नाशकात वाड्यात गेलं. वाड्यात नऊ बिऱ्हाडं, माणसांचा गजबजाट, आणि देवळीत होल्याचं घरटं. वाडा काही त्या होल्याने ओसाड केला नाही.

दुसरं सांगतो. अवधूताने चोवीस गुरू केले त्यात एक कपोत, म्हणजे कबूतर, आहे. पिल्लं जाळ्यात सापडली म्हणून मादी जाळ्यात शिरते, तिच्यामागे नर शिरतो, आणि पारधी सगळ्यांना घेऊन जातो. प्रवचनात याचा अर्थ आसक्ती वाईट असा सांगतात. मी सत्तरी ओलांडली, पण लहानपणी ती कथा ऐकताना मला पारध्याचाच राग यायचा आणि अजूनही येतो.

---

पाखरवेडी | ११ मार्च, रात्री १०.३०

ओसाडगाव, आजाराची शंका रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देते. तो त्रास मुख्यतः पारव्यांच्या, म्हणजे इमारतींवर थव्याने राहणाऱ्या कबुतरांच्या, साचून वाळलेल्या विष्ठेची धूळ दिवसेंदिवस श्वासात जाण्याने होतो. बंद डक्ट, एसीमागची जागा, जाळीत अडकलेले थर. इथे उघड्या परसात एक जोडी आहे. तरीही ताई, पिल्लं उडाली की खालची जागा कोरडी झाडू नका. आधी पाणी मारा, तोंडाला रुमाल बांधा, मग झाडा. आईंना दमा असेल तर ते काम त्यांच्याकडे नको.

आणि काठीने पाडणं आता कायद्यातही बसत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानपाखरांची अंडी-घरटी नासवणं शिकारीतच धरलं आहे.

---

अंगणातली | १९ मार्च, दुपारी ३.२०

रंगपंचमी. आमच्या गल्लीत सकाळपासून डीजे. जुन्या नाशकातल्या रहाडीत, म्हणजे रंगीत पाण्याच्या हौदात, उड्या मारायला निघालेली पोरं इथूनच ओरडत गेली. मला वाटलं आता हे उठणार. नर बसला होता. प्रत्येक ठोक्याला त्याचं अंग बारीक थरथरत होतं, डोळा गोल उघडा. पण उठला नाही. साडेचारला ती येईल तोवर मीही खिडकीतच आहे.

पाच दिवस राहिले.

---

पाखरवेडी | १९ मार्च, दुपारी ३.४१

पुढच्या बातमीची वाट बघते आहे.

---

अंगणातली | २१ मार्च, सकाळी ८.१५

अंडी गेली.

काल दुपारी इंटरनेटची केबल बदलायला दोन मुलं आली होती. मी पुढच्या दाराशी त्यांच्या कागदावर सही करत होते, तेवढ्यात एक जण मागून गेला आणि खांबावरून वायर ओढताना मधुमालतीचा अर्धा पसारा खाली ओढून मोकळा झाला. मी धावले तेव्हा नर उडून शेवग्यावर बसला होता. घरटं जागेवर, अंडीही जागेवर, पण वरचं छप्पर गेलेलं. मुलगा घाबरला, म्हणाला, काकू, दिसलंच नाही. त्याला काय बोलणार. मी त्याला आधी सांगायला हवं होतं.

फांद्या सुतळीने वर बांधल्या. नर पंधरा मिनिटांत परत आला. वाटलं निभावलं. आज सकाळी साडेसहाला काव-काव ऐकून उठले. मादी फडफडत कावळ्याच्या अंगावर जात होती. दोन कावळे होते. एक तिला झुलवत राहिला, दुसऱ्याने काम केलं. खाली फरशीवर टरफलाचा एक तुकडा आणि ओला डाग. आत पिल्लू जवळजवळ पूर्ण झालेलं असणार, तीनच दिवस राहिले होते.

सासूबाईंनी पाण्याने फरशी धुतली. मला धुवू दिली नाही.

---

द्राक्षमळा | २१ मार्च, सकाळी ९.००

ताई, वाईट झालं. पण कावळ्यावर राग धरू नका, त्याच्याही घरी आता काड्या जमवणं चालू होईल.

मी पिंपळगावकडचा, द्राक्षवाला. आमच्या बागेत दरवर्षी व्हले असतात. मांडवाच्या अँगलला तार जिथे बांधलेली असते तिथे बरोबर खाच मिळते त्यांना, वर पानांचं छप्पर. एक घरटं गेलं की व्हला फार वेळ लावत नाही. आठ-दहा दिवसांत जवळपासच दुसरं करतो. तो वेल काढू नका. उलट अजून दाट होऊ द्या.

---

पाखरवेडी | २१ मार्च, सकाळी ९.४५

द्राक्षमळा यांच्याशी सहमत. होल्यांचा हिशोबच असा आहे: घरट्यावर मेहनत कमी, अंडी दोनच, पण पुन्हा पुन्हा. चार काड्यांचं घरटं म्हणून आपण त्याला आळशी म्हणतो. पण मोडलं तर दोन-तीन दिवसांत नवं उभं राहतं ते त्यामुळेच.

ताई, सुतळीने बांधलेल्या फांद्या तशाच राहू द्या. खाली मातीच्या परळात पाणी ठेवत असाल तर ते घरट्यापासून लांब, पुढच्या बाजूला हलवा. पाण्यावर कावळे येतात आणि सहज वर बघतात.

---

अंगणातली | २८ मार्च, संध्याकाळी ७.००

आले!! तेच. तुटक्या पिसाचा नर आहे. यावेळी खांबाच्या आतल्या अंगाला, जिथे जुना क्लॅम्प आहे आणि भिंत अगदी जवळ, तिथे काड्या पडू लागल्या आहेत. खिडकीतून तिरपं दिसतं. म्हणजे मला कमी दिसतं आणि कावळ्यालाही कमी दिसतं. मला चालेल.

मी खराट्याच्या काड्या बोटभर लांबीच्या तोडून दगडावर ठेवल्या. अर्ध्या तासात नऊ नेल्या. एक फार लांब होती, ती घेऊन तो वेलीत अडकला, सोडून दिली, पुन्हा उचलली, आडवीची उभी केली आणि मग नेली.

परळ हलवलं. ते पाणी पितात कसे ते पाहिलंत का कुणी? चिमणी चोच बुडवून मान वर करते. हे तसं करत नाहीत. चोच पाण्यात घालून म्हशीसारखं सलग ओढतात.

---

पाखरवेडी | २८ मार्च, रात्री ८.१५

बरोबर टिपलंत. ही कबुतर-होल्यांच्या कुळाची खूण आहे. बहुतेक पक्ष्यांना असं ओढता येत नाही. कोरड्या धान्यावर, गवताच्या बियांवर जगणाऱ्या पक्ष्याला पाणी भरपूर लागतं. चटकन पिऊन उडून जाणं सोयीचं.

---

अंगणातली | २ एप्रिल, दुपारी १.००

पाडव्याला घरटं पूर्ण. परवा ३१ ला पहिलं अंडं, आज दुसरं. गुढी यंदा पुढच्या दारी न लावता गच्चीवर उभारली, कारण मागच्या तारेवरून तिची काठी दिसली की मादी मान ताठ करत होती.

दारावर कागद चिकटवला आहे: "मागे जाण्याआधी विचारा." कचरावाले दादा, दूधवाला, मीटर बघायला येणारे, सगळ्यांसाठी.

---

मायलेकी | २ एप्रिल, दुपारी २.१०

धाग्याची वाचनखूण केली आहे, माझी मुलगी रोज शाळेतून आली की "होल्याचं काय झालं" विचारते. आमच्याकडे मांजर आहे आणि गॅलरीत होले येतात. मांजराला घरातच ठेवायला सुरुवात केली आहे, गेल्या शनिवारपासून. पहिले दोन दिवस ओरडली, आता खिडकीत बसते.

---

अंगणातली | ९ एप्रिल, दुपारी ४.५०

ऊन भयंकर. एकच्या सुमारास भिंत तापते. नर बसलेला असतो, चोच किंचित उघडी आणि गळा भराभर फडफडतोय. मला वाटलं, आजारी आहे की काय.

---

पाखरवेडी | ९ एप्रिल, सायंकाळी ५.३०

आजारी नाही. पक्ष्यांना घाम येत नाही. गळ्याची कातडी हलवून ओल उडवतात, त्याने अंग थंड राहतं. नाशिकच्या एप्रिलात अंडी उबवणं म्हणजे निम्मा वेळ अंड्यांवर सावली धरणं. पाण्याचा फवारा वगैरे मारू नका हं! फार वाटलं तर भिंतीच्या बाजूला, घरट्याला न लागता, एक जुनं गोणपाट लटकवा. तेही बदलीच्या वेळी नाही. संध्याकाळी उशिरा, हळू.

---

अंगणातली | १५ एप्रिल, सकाळी १०.२०

पिल्लू!

सकाळी मादी अर्धं टरफल चोचीत धरून उडाली आणि शेवग्यापलीकडे टाकून आली. मग नर बसायला आला तेव्हा क्षणभर दिसलं. गुलाबी, आंधळं, अंगावर पिवळट केसांसारखी लव. चोच मात्र अंगाच्या मानाने केवढी! दुसरं अंडं अजून तसंच.

सासूबाईंनी गूळ-खोबरं वाटलं. घरात आम्ही तिघंच, पण वाटलं.

---

अंगणातली | १६ एप्रिल, दुपारी १२.१०

दुसरंही आलं. आणि एक फार वेगळं पाहिलं. पिल्लाने आपली चोच नराच्या तोंडात खुपसली, पार आत, आणि नराची मान पंप मारल्यासारखी खालीवर झाली. किडा नाही, दाणा नाही. चिमणी, बुलबुल तर चोचीत अळ्या घेऊन येताना दिसतात. हा काय देतोय?

---

पाखरवेडी | १६ एप्रिल, दुपारी १.३५

दूध देतोय. खरंच.

गळ्याखाली अन्न साठवायची जी पिशवी असते, तिच्या आतल्या अस्तराच्या पेशी उबवणीच्या शेवटच्या दिवसांत जाड होतात, चरबीने भरतात आणि सुटून येतात. दिसायला पनीर किंवा नासलेल्या दुधाच्या चोथ्यासारखं. त्यात प्रथिनं आणि चरबी भरपूर, साखर जवळजवळ नाही. पहिले तीन-चार दिवस पिल्लं फक्त त्यावर वाढतात, मग हळूहळू त्यात भिजलेले दाणे मिसळायला लागतात. आणि हे दूध नर आणि मादी दोघंही देतात. गंमत म्हणजे ज्या प्रोलॅक्टिनमुळे आईला दूध येतं, त्याच संप्रेरकामुळे होल्याच्या पिशवीतही हे तयार होतं.

कबुतरांखेरीज रोहित पक्षी (फ्लेमिंगो) आणि एम्परर पेंग्विन असं काहीतरी करतात, बस. आपल्या नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात कधी रोहित उतरतात, तेव्हा लक्षात ठेवा: लांब पायांचे ते गुलाबी पाहुणे आणि तुमचा खांबावरचा होला, दोघांचं बाळांना भरवणं एकाच पद्धतीचं.

यातूनच दुसरं कोडंही सुटतं. चिमणीला पिल्लांसाठी किडे लागतात, म्हणून तिला हंगाम बघावा लागतो. होल्याला किडे लागत नाहीत. स्वतः बिया खाव्यात, गळ्याखालच्या पिशवीतून दूध करून द्यावं. म्हणून भर उन्हाळ्यात, थंडीत, वर्षाच्या जवळजवळ कुठल्याही महिन्यात त्याचं घरटं सापडतं.

---

द्राक्षमळा | १६ एप्रिल, रात्री ९.२०

पन्नास वर्षं व्हले बघतोय, हे माहीत नव्हतं. आमची आता खरड छाटणी चालू आहे. जुन्या काड्या सगळ्या काढून बाग उघडी बोडकी करावी लागते, म्हणजे नवी काडी फुटते. पाचव्या ओळीत अँगलवर घरटं निघालं, दोन पिल्लं, तुमच्याएवढीच असतील. छाटणीच्या गड्यांना सांगितलं, तो वेल आणि शेजारचे दोन सोडून पुढे चला. ते म्हणाले, अण्णा, वेल मागे पडंल. पडू दे म्हटलं.

---

मायलेकी | १७ एप्रिल, सकाळी ७.५०

माझ्या मुलीने शाळेत सगळ्यांना सांगितलं की होल्याचे बाबा पण दूध देतात. बाईंनी घरी फोन करून विचारलं की हे खरं आहे का. मी हा धागा वाचून दाखवला.

---

अंगणातली | २४ एप्रिल, दुपारी १.१०

तातडीचं. कुणी आहे का? वारं सुटलं होतं. लहानं पिल्लू खाली पडलंय, तुळशीच्या कुंडीत. जिवंत आहे. पंखांवर काटेरी नळ्यांसारखी पिसं आहेत, उडता येत नाही. पायात काहीतरी गुंडाळलंय. हात लावू का? आईबाप टाकून देतील का?

---

पाखरवेडी | २४ एप्रिल, दुपारी १.१६

लावा. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप पिल्लू टाकत नाहीत, हा गैरसमज आहे. मऊ कापडात दोन्ही पंख अंगाशी धरून अलगद उचला. पायात काय आहे नीट बघा. चोचीत पाणी घालू नका, श्वासनलिकेत जातं. दूध, पोळी, भात काहीही नको. रक्त आहे का?

---

अंगणातली | २४ एप्रिल, दुपारी १.२४

रक्त नाही. मांजा आहे! नायलॉनचा, गुलाबी, मधल्या बोटाला तीन-चार वेढे. बोट सुजलंय. संक्रांतीचा असणार, शेवग्यावर अजून लोंबतोय. काडी समजून आणला असेल त्यांनीच.

---

पाखरवेडी | २४ एप्रिल, दुपारी १.२७

ओढू नका. नखं कापायची छोटी कात्री घ्या, बोट आणि धागा यांत कात्रीचं बोथट टोक सरकवा, एकेक वेढा वेगळा कापा. एकाने धरा, एकाने कापा. मग परत घरट्यात ठेवा आणि लगेच घरात या. बोट काळं पडलेलं असेल, किंवा पंख लोंबत असेल, तर वनखात्याच्या १९२६ वर फोन करा.

---

अंगणातली | २४ एप्रिल, दुपारी २.०५

सासूबाईंनी धरलं. त्यांचे हात एरवी थरथरतात, सुईत दोरा ओवता येत नाही. पिल्लू धरलं आणि हात दगडासारखे स्थिर. चष्मा लावून मी चार वेढे कापले. बोट लाल आहे, काळं नाही. पिल्लू ओंजळीत एवढं गरम होतं की मला वाटलं ताप आहे. सासूबाई म्हणाल्या, पाखरांचं अंग असतंच तसं. छातीत ठोके मोजता येणार नाहीत इतके भराभर.

स्टुलावर चढून ठेवलं. दुसरं भाऊ की बहीण जे असेल ते घाबरून मागे सरकलं, मग दोघं चिकटून बसली. घरट्याच्या कडेला विष्ठेचा कडक थर झालाय, त्यानेच त्या काड्या एकत्र धरल्यात. मांजाचा अजून एक तुकडा कडेला लोंबत होता, तोही कापून आणला.

आता खिडकी लावून आत बसलोय. नर शेवग्यावर आहे. येत नाहीये.

---

अंगणातली | २४ एप्रिल, दुपारी २.३८

आला. दोघांनाही भरवतोय, दोन्ही चोची एकदम त्याच्या तोंडात. पडलेलंही घेतंय.

सासूबाई देवापुढे जाऊन बसल्या आहेत.

---

जुने_नाशिककर | २४ एप्रिल, दुपारी ३.००

आपल्या मातोश्रींना माझा नमस्कार सांगा.

---

ओसाडगाव | २४ एप्रिल, रात्री ८.४५

मी पहिल्या दिवसापासून वाचतो आहे. मार्चमध्ये जे लिहिलं होतं, ते मागे घेतो. आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर टाकीच्या पाइपाला मांजाचे गुंते लोंबत होते. संध्याकाळी जाऊन काढले. प्लास्टिकची पिशवी भरली. जाळायचा नाही ना? कुठे टाकायचा?

---

पाखरवेडी | २४ एप्रिल, रात्री ९.०५

जाळू नका. बारीक तुकडे करा म्हणजे पुन्हा कुणाच्या पायात अडकणार नाही, बाटलीत भरून बूच लावा आणि सुक्या कचऱ्यात द्या. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच देशभर नायलॉन मांजावर बंदी घातली, तरी येवल्या-नाशकाच्या संक्रांतीनंतर झाडं त्याने भरलेली असतात. जानेवारीच्या शेवटी प्रत्येकाने आपापल्या दारचं झाड मोकळं केलं तर एप्रिलची घरटी त्यातून सुटतील. तुम्ही काढलात, फार बरं केलंत.

---

अंगणातली | २९ एप्रिल, सकाळी ९.३०

मोठं उडालं. सकाळी सात वाजता कडेवर येऊन पंख झापडत होतं. नर समोरच्या तारेवर, तोंडात काही नाही, नुसता बसलेला. पिल्लू तीनदा पुढे झालं, तीनदा मागे आलं. चौथ्यांदा पडलंच म्हणा ना, पण पडता पडता पंख उघडले आणि कढीपत्त्यात जाऊन अडकलं. रंग आईबापासारखाच, पण फिका. गळ्यावरची चौकट अजून आलेली नाही.

लहानं अजून घरट्यात. दोन्ही पायांवर उभं राहतं, सुजेचं बोट जरासं वर धरतं.

---

अंगणातली | ३० एप्रिल, रात्री ८.००

आज अक्षय तृतीया. पूजेला घागर भरून ठेवली, आमरस केला. दुपारी जेवायला बसलो तेवढ्यात मागे फडफड. लहानंही गेलं. कढीपत्त्यापर्यंत नाही, सरळ लिंबावर.

संध्याकाळी दोन्ही पिल्लं तारेवर अंगाला अंग लावून बसली होती. माझ्या रिकाम्या तारेवर. अंधार पडताना मादी आली, त्यांना चारलं, आणि तिघं वेलीत शिरली. घरट्यात नाही, त्याच्या वरच्या फांदीवर.

---

पाखरवेडी | ३० एप्रिल, रात्री ८.३०

वा! अजून काही दिवस आईबाप भरवतील. मादी दुसऱ्या अंड्यांच्या तयारीला लागली तर नर एकटा सांभाळेल. घरटं काढू नका, कधीकधी तेच पुन्हा वापरतात. आता फोटो टाका की!

---

अंगणातली | १ मे, सकाळी ११.००

फोटो रात्री टाकते. सगळे खिडकीच्या काचेतून आहेत, धूसर आहेत. पिल्लं उडेपर्यंत जागा उघड करायची नव्हती.

कपडे अजून गच्चीवरच. दारावरचा कागद पावसाळ्यापर्यंत राहू दे म्हणाल्या सासूबाई.

---

द्राक्षमळा | ४ मे, सायंकाळी ६.४०

आमच्याकडचीही उडाली, आज सकाळी. ते तीन वेल आत्ता छाटून आलो. बाकी बाग हिरवी होतेय, हे तीन उघडे दिसताहेत. घरटं अँगलवर तसंच ठेवलंय.

---

अंगणातली | ४ मे, सायंकाळी ७.१५

अण्णा, त्या तीन वेलांना नवी फूट आली की फोटो टाका.